सिस्टर, तुमी सांगितलं तसंच केलं!

लोहारा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी अठरा वर्षं सिस्टर आहे. आमच्याकडं औषधांचा तुटवडा पडतो, किश्श्यांचा कधीच नाही. आम्ही सांगतो एक, पेशंट घरी जाऊन करतो दुसरंच. वर ठासून म्हणतो, तुमीच सांगितलं व्हतं! हसा बिनधास्त. पण यातलं एखादं जिवावर बेततं, तेवढं ध्यानात असू द्या.

*

मेंढरंवाले तात्या. बीपीची गोळी, रोज जेवणानंतर एक. महिन्यानं आले तर बीपी आभाळाला टेकलेलं अन् निम्म्या गोळ्या पाकिटात!

"गोळ्या का उरल्या, तात्या?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. एकादशी, चतुर्थी येगळी. जेवणच न्हाय, तर जेवणानंतरची गोळी कवा घ्यायची?"

"उपासाला काहीच खात नाही?"

"खातो की! खिचडी, भगर, शेंगा, केळी. पर त्येला जेवण म्हणत न्हाईत, सिस्टर."

*

एका मावशींना खोकल्यासाठी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. "एकही गोळी उरता कामा नये," असं चांगलं दटावलं. दुसऱ्याच दिवशी मावशी हजर. गोळ्या संपल्या म्हणे!

"सगळ्या खाल्ल्या?" मी ओरडलेच.

"येडी हाय व्हय मी? घरी जाताना जीपमधी सगळ्याच बाया खोकत व्हत्या. एकटीनं खाणं बरं दिसतं का? वाटून टाकल्या."

*

पायाला जखम झालेल्या एका भाऊंना सांगितलं, पट्टी भिजू देऊ नका. चार दिवसांनी आले ते जखम चिघळवूनच. पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला. पट्टी मात्र खिशातून निघाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून.

"उसाला पाणी द्यायचं म्हणलं की आधी सोडून ठेवतो. बघा, एक थेंब लागू दिला न्हाय!"

*

मग नव्या डॉक्टरांनी नियम काढला. सांगून झालं की पेशंटकडून परत वदवून घ्यायचं. पहिल्याच आजींना विचारलं, "आजी, काय सांगितलं मी? सांगा बघू."

आजींना माझी कीव आली. "इतक्यात इसरलाव व्हय, बाई?"

*

आता घरचं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, ईट गावात राहतात. त्यांना हार्टचा त्रास. छातीत दुखलं की लगेच जिभेखाली ठेवायची गोळी मी स्वतः नेऊन दिली. "गोळी जपून ठेवा, अण्णा," असं तीनदा बजावलं. नियमाप्रमाणं वदवूनही घेतलं. अण्णा आता ठणठणीत आहेत, म्हणून सांगायची हिंमत होतेय.

एकदा मी ड्यूटीवर असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "पोरी, छातीत लई दुखायलंय."

"अण्णा, गोळी! गोळी कुठंय?"

"तिची काळजी करू नको. तू सांगितल्यापरमानं एकदम जपून ठेवलीय. लोखंडी पेटीत, कुलूप लावून. किल्ली तुझ्या आईच्या कमरंला हाय, अन् तुझी आई बाजारला गेलीय."