काकी मिस्त्रीचा पाट

काकी मिस्त्रीला तंबाखूचं व्यसन नव्हतं, चहाचंही नव्हतं. एकच होतं, लोकांच्या भिंतींवर हात फिरवायचं. लग्नघर असो, बँक असो की दवाखाना, ती आत शिरली की तिचा तळवा भिंतीवर जायचा आणि मागोमाग बोटाने टकटक. अंजूरला आम्ही एकाच्या दहाव्याला गेलो होतो. आत रडारड चाललेली, आणि काकीने पाठीमागची भिंत ठोकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोकळ हाय गो. यंदाचा पावसाला काढायची न्हाय." मयताच्या भावाने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. गिलावा मात्र गणपतीच्या आत खरोखरच गळून पडला.

काकी दिघाशीची. नवरा गवंडी, आणि ती त्याच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवणारी. तो परांचीवरून पडून पायाने अधू झाला, तेव्हा तिने त्याची थापी उचलली. आमच्या कामात बाई म्हणजे बिगारी, तिने घमेलं वाहायचं. भिंत बांधायची, गिलावा करायचा तो पुरुषाने. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडूनही कोणी दाखवलं नव्हतं. काकी म्हणायची, "भिंतीला काय म्हाईत, थापी धरनारा बाप्या हाय का बाय?" दापोड्याच्या बाजूला शेतांची गोदामं व्हायला लागली तेव्हा तिथल्या कितीतरी भिंती तिच्या हाताखालून गेल्या.

टोळीत मिस्त्री कोण हे ठरायचं खंडेनवमीला. त्या दिवशी काम बंद. पाट मांडायचा, त्यावर ज्याची थापी ठेवली जाईल तो मिस्त्री. घमेली, फावडी खाली जमिनीवर. हळदकुंकू त्यांनाही, पण खाली. काकीने पहिल्यांदा स्वतःची थापी पाटावर ठेवली तेव्हा पाट मांडणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ती उचलून घमेल्यात टाकली. तिने परत ठेवली, त्याने परत टाकली. तेव्हा सगळ्या बिगारी बायका उठल्या आणि म्हणाल्या, काकीची थापी खाली, तर उद्यापासून माल तुम्हीच कालवा. थापी पाटावर राहिली. त्या बायकांत माझी आई होती. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे असल्यासारखं मला वाटतं.

आई गेल्यावर मी काकीच्या टोळीत आले तोवर ती मुकादम झाली होती आणि पाट आता तीच मांडायची. माझ्यावर तिची माया होती, हे मी नाकारणार नाही. एका सुपरवायझरने माझा हात धरला, तर काकीने हातातलं काम टाकलं. खाली गेली, त्याच्या मोटरसायकलच्या सीटवर घमेलंभर ओलं सिमेंट थापलं आणि वर गिलावा घोटायचा गुरमाळा फिरवून ते आरशासारखं गुळगुळीत केलं. संध्याकाळी तो दगडावर बसून घरी गेला. डब्यातली सुकटीची चटणी ती आधी माझ्या भाकरीवर वाढायची.

पण थापी? मी नवी थापी घेतली आणि खंडेनवमीला तिच्यापुढे धरली. तिने माझा तळवा उलटासुलटा पाहिला आणि थापी घमेल्यात ठेवली. "तुझा हात अजून बसला न्हाय." पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. गिलावा मात्र ती माझ्याकडून करून घ्यायची, संडासांच्या आतून, पाण्याच्या टाकीखाली, जिन्याच्या पोटात. शेठची नजर जाईल ती भिंत पुरुषांना. त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत मी असा गिलावा केला आहे की ओळंबा लाजेल. तो पाहिला फक्त पालींनी.

बाळाराम हा तिच्या नात्यातला. त्याची थापी पहिल्याच खंडेनवमीला पाटावर चढली, आणि त्याचा एक कोपरा म्हणून काटकोनात यायचा नाही. त्या दिवशी मी भांडले. म्हटलं, "काकी, माझ्या आईने तुला पाटावर बसवलं. तू मला का नाही बसवत?" ती बराच वेळ थापी धूत राहिली. मग म्हणाली, "एक बाय त्यांनी चालवून घेतली. दोन झाल्या तं दोघींना हाकलतील. तुला कलायचं न्हाय." मला कळलं होतं. शिडी चढून वर गेल्यावर तिला ती खाली सोडायची भीती वाटत होती.

आणि मग त्यांनी तिला एकटीलाच हाकललं. तिला दम लागायला लागला, परांची चढवेना. शेठ गाडीतून न उतरताच म्हणाला, "काकी, अब आराम करो. टोली बालाराम संभालेगा." बाळारामने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. त्या खंडेनवमीला पाट त्याने मांडला. त्यावर एकाही बाईची थापी नव्हती, काकीचीसुद्धा नाही. आम्ही बायका घमेल्यांजवळ बसलो होतो आणि आमच्यातली एकही उठली नाही. उठायचं कोणासाठी?

दिवाळीनंतर तिने मला दिघाशीला बोलावलं. घराची पुढची भिंत बिनगिलाव्याची, उघडीच होती. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्यांची अशीच असते. "ही तू कर," ती म्हणाली. "रस्त्यावरून दिसली पायजे." अंगणात खाट टाकून ती बसली आणि मी कामाला लागले. एरवी दर हाताला टोकणारी बाई त्या दिवशी नुसती माझ्या हाताकडे बघत होती. संपत आलं तेव्हा काठी टेकत ती उठली, मी नुकताच रंधा फिरवलेल्या ओल्या गिलाव्याजवळ तळवा नेला, पण टेकवला नाही.

"हात बसला तुझा," ती म्हणाली.

"आज?"

"न्हाय गो. लय वर्सं झाली."

मी वळून पाहिलं नाही. खालचा पट्टा राहिला होता, तो पुरा केला, थापी धुतली आणि चहा न घेता निघाले. रिक्षात बसून मी आईच्या नावाने रडले.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी काकी गेली. दहाव्याला मी दिघाशीला गेले. बायका रडत होत्या, मला रडू येत नव्हतं. माझा हात आपोआप त्या भिंतीवर गेला आणि मी बोटाने ठोकून पाहिलं. कुठेही पोकळ नव्हती. बाळाराम शेजारी उभ्या माणसाला सांगत होता, "मस्त झालीय ना? काकीच्या हातची हाय."