विचार करायचा ढीग

माझ्या मुलीने माझ्यासाठी स्टायलिस्ट लावली, हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मला अर्धांगवायू झाला आणि व्यायाम करून घ्यायला कोणीतरी बाई येते. मीही दोन दिवस तो गैरसमज दूर केला नाही. बासष्टाव्या वर्षी कोणी आपलं कपाट आवरायला येणार, हे सांगण्यापेक्षा आजार सांगणं सोपं होतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न ठरलं आणि तिने फोनवर बजावलं, "बाबा, लग्नात तुमी त्या मास्तरकीच्या शर्टात उभे राह्यले ना, तर मी स्टेजवरून खाली उतरीन."

तिचं काही चुकत नव्हतं. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या शाळांमध्ये मी उभी हयात घालवली, तीही पांढऱ्या शर्टात. कारण एकच. पांढऱ्यावर खडू दिसत नाही. बायको म्हणायची, "तुमाले कपडे नाई, डस्टर पाहिजे." शर्ट तीच आणायची, तीच धुवायची. मी फक्त आत शिरायचो. ती गेली त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती आणि मी अजून तिनेच आणलेल्या शर्टांत शिरत होतो.

स्टायलिस्ट आली ती तिशीच्या आतली, नागपुरात काम करणारी मुलगी. पहिली दहा मिनिटं फार शुद्ध बोलली. "काका, आपण तुमच्या व्यक्तिमत्त्वाला साजेसा वॉर्डरोब तयार करू." मग तिने कपाट उघडलं, खालपासून वरपर्यंत एकच रंग पाहिला आणि तिच्या तोंडून निघालं, "अरे बाप रे! हे काय करून ठेवलं?" पोरगी मूळची बल्लारपूरची निघाली. वडील शिंपी. मग आमचं जमलं.

तिने सगळे कपडे पलंगावर काढायला लावले आणि कायदा सांगितला. तीन ढीग करायचे. ठेवायचे, द्यायचे आणि विचार करायचे. "ज्याच्याबद्दल मनात थोडीशीही शंका असंल ते तिसऱ्या ढिगात टाका, काका. त्याले आज हात लावायचा नाई. पंधरा दिवसांनी पाहू."

"आणि पांढरा?"

"नवरी पांढऱ्यात राहीन ना तुमच्याकडे? मग बाप काऊन पांढऱ्यात? फोटोत दोघंही हरपाल. तुमाले मी मोरपंखी देते."

आमच्याकडे, म्हणजे आम्हा बौद्धांत, नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. त्रिशरण, पंचशील, हार आणि झालं लग्न. माझी बायकोही अशीच उभी होती, निळ्या बारीक काठाच्या सुती साडीत. जेवणाच्या पंगतीत मी ऐटीत तिला वाढायला गेलो आणि वांग्याच्या भाजीचा रस्सा तिच्या पदरावर सांडला. संसारातली माझी ती पहिली कामगिरी. डाग कधीच पूर्ण गेला नाही. भांडण झालं की ती साडी काढून डाग दाखवायची, बोलायची काही नाही.

आता ढिगांच्या त्या दिवसाकडे परत येतो, जो आणखी काही पानं लांबवता आला असता तर बरं झालं असतं.

ढीग करता करता माझ्या अंगात वारं शिरलं. समोर तरुण मुलगी, आपण निवृत्त मुख्याध्यापक, निर्णय कसे धडाधड घ्यावेत हे दाखवायला नको? तिसऱ्या ढिगात दहा-बारा शर्ट जमले होते. मी म्हटलं, "विचार कसला करायचा? जिंदगीभर विचारच केला." आणि दोन्ही हातांनी तो ढीग उचलून द्यायच्या ढिगावर टाकला.

"अहो काका, एकेक पाहून तरी घ्या."

"काही पाहायचं नाई."

तिने त्यातला एक शर्ट उचलला. घडी केलेला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली. तिने तो हातात तोलला. शिंप्याचीच मुलगी. "हा लई जाड लागून राह्यला."

मी म्हणालो, "टेरिकॉट आहे. जुनं कापड असंच दणकट राहते."

ती हसली. मीही हसलो. आणि शर्ट पिशवीत गेला.

दुपारीच मी पिशवी स्कूटरला लावून माणुसकीच्या भिंतीवर नेली. गावोगावी असतात तशी एक आमच्या भागातही आहे, बस स्टँडच्या अलीकडे. नको असलेले कपडे लोक तिथल्या खुंट्यांवर लावून जातात, ज्याला हवे तो घेऊन जातो. मी शर्ट लावले आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाली बाई म्हणाली, "गुरुजी, आज लई खुश दिसून राह्यले." मी म्हटलं, "हलकं वाटते बाई."

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, आईची साडी काढून ठेवली ना? तिचं थोडं शिवणकाम आहे. मी आली की शिंप्याकडे नेईन."

"काढली, काढली," मी म्हटलं आणि फोन ठेवून पेटी उघडली. पेटीत चादरी होत्या, डांबरगोळ्या होत्या. साडी नव्हती.

मी पेटीजवळ जमिनीवर बसलो आणि मला सगळं एकदम आठवलं. बायको गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. तिच्या बहिणी, भावजया आठवण म्हणून एकेक साडी नेत होत्या. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "आईची लग्नाची मले ठेवा. मी तीच नेसीन." ती साडी मी आधी पेटीत लपवली. मग झुरळं लागतील म्हणून कपाटात हलवली. कोणाला संशय येऊ नये म्हणून माझ्या एका जुन्या शर्टात गुंडाळली आणि वरून सगळी बटणं लावली. केवढा हुशार वाटलो होतो स्वतःला! शाळेतही मी प्रश्नपत्रिका इतक्या जपून ठेवायचो की परीक्षेच्या सकाळी मलाच सापडायच्या नाहीत. तेव्हा पोरं टाळ्या वाजवायची.

भिंतीवर पोहोचलो तर खुंट्यांवर एक स्वेटर आणि एका पायाचा मोजा. चहावालीला विचारलं.

"पांढरे शर्ट ना? ते तर त्याच दिवशी गेले. एका शर्टातून साडी निघाली, गुरुजी! नेणारी बाई अशी हसली... अंगाले लावून पाह्यली, मले विचारलं, कशी दिसते?"

"तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, मस्त दिसते. काऊन?"

"कोण होती बाई?"

"मले काय माहीत. मार्कंड्याकडची म्हणे. लेकराले दवाखान्यात आणलं होतं तिनं."

मी दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर फिरत राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या साड्या पाहत. शेवटी बाकावरची एक म्हातारी ओरडली, "ओ बुढेबाबा, वय पाहा आपलं! बायांकडे काय पाहून राह्यले?" वॉचमनने मला दारापर्यंत पोहोचवलं. सौजन्याने पोहोचवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याची, त्या देवळाच्या गावाची, बस धरली. तिथे गेल्यावर विचारणार काय होतो? तुमच्यातल्या कोणी माझ्या बायकोची साडी नेली का? मंदिरामागून वैनगंगेवर उतरलो. वाळूत कपडे वाळत होते. ढीवरांच्या बाया जाळी आणि लुगडी शेजारी शेजारी पसरून बसल्या होत्या. पांढरं दिसलं की मी जवळ जायचो. एकदा धोतर होतं, एकदा चादर, एकदा कोणाचा तरी सदरा. एका बाईने विचारलं, "काय हरवलं जी भाऊ?" मी म्हटलं, "रुमाल." ती म्हणाली, "रुमालासाठी येवढ्या लंबी आले?"

परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा नीट रडू आलं. बायको गेली तेव्हा माणसांत होतो. जेवणाचं पाहायचं होतं, मंडपवाल्याशी बोलायचं होतं. या खेपेला कोणीच नव्हतं. शेजारचा प्रवासी खिडकीबाहेर पाहत राहिला, हे त्याचे उपकार.

मग मी स्टायलिस्टला फोन केला. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी शर्ट हातात धरला होता, काका. मीच उघडायला पाहिजे होता."

"मी टेरिकॉट म्हटलं."

"पोरीले सांगून टाका."

"सांगीन," मी म्हटलं. "पण तोपर्यंत तशीच एक मिळंल का?"

तिने समजावलं, चिडली, आणि शेवटी निळ्या बारीक काठाची सुती साडी शोधून आणलीच. काठ थोडा रुंद होता, पण मला तसाच आठवत होता. मग आम्ही दोघांनी गुन्हा केला. सात वेळा साडी धुतली. आधी साध्या पाण्यात, मग थोड्या निळीत. गच्चीवर उन्हात टाकली, घड्यांवर पाटा ठेवला, डांबरगोळ्यांत मुरवली. शेवटी पदरावर वांग्याचा रस्सा सांडायचा होता. ती म्हणाली, "अंदाजाने टाका." मी म्हटलं, "अंदाज कायचा? मले जागा पाठ आहे." मी भाजी केली आणि बरोब्बर त्याच जागी सांडली. या खेपेला मुद्दाम.

लग्नाच्या दहा दिवस आधी मुलगी आली. मी साडी तिच्या हातात दिली. तिने वास घेतला. डागावर बोट फिरवलं. मग तिने साडी पूर्ण उलगडली, एका टोकापासून हातावर मोजत मोजत दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली. खाली मान घालून परत घडी घालायला लागली.

"शिंप्याकडे जायचं होतं ना?" मी विचारलं.

"आता काम नाई, बाबा."

मला वाटलं, जिंकलो! स्वयंपाकघरात जाऊन मी स्टायलिस्टला मेसेज केला, पास झालो.

लग्न विहाराच्या सभागृहात झालं. मी मोरपंखी बंद गळ्याच्या कोटात उभा होतो. लोक म्हणत होते, गुरुजी ओळखू येत नाहीत. मुलगी पांढऱ्यात, काठ निळा, पदरावर माझा डाग. माझ्या मेहुणीने तो पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला, "ताईचीच साडी." मी मान हलवली. त्यावेळी मला माझी लाज वाटली, पण हेही कबूल करतो की थोडा अभिमानही वाटला.

सासरी जाण्याआधी मुलगी कपडे बदलायला घरी आली. मी कपाटासमोर उभा होतो. ती आतून कपडे बदलून, साडी हातात घेऊन आली आणि पलंगाच्या काठावर बसली.

"बाबा, आईची साडी कुठी आहे?"

मी तिच्या हातातल्या साडीकडे बोट दाखवायला गेलो आणि अर्ध्यातच बोट खाली आलं.

"ही पुरली मले," ती म्हणाली. "आईची पुरली नसती. आईनं खोचायच्या टोकाचा हातभर तुकडा कापला होता, मी झाली तेव्हा. माझं पहिलं झबलं त्याचंच शिवलं. तुमाले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. मी ती साडी घडीत पाहिली, शर्टात गुंडाळली, पण एकदाही उलगडून पाहिली नव्हती.

तिने पर्समधून झबलं काढलं. तळहातावर मावेल एवढं. खालच्या बाजूला निळा काठ, माझ्या आठवणीतल्यापेक्षा बारीक. या झबल्यात मी तिला खांद्यावर घेऊन शाळेच्या ओट्यावर फिरलो होतो. त्या कापडाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"हा तुकडा परत जोडायचा होता मले," ती म्हणाली. "शिंप्याकडून."

मग मी सगळं सांगितलं. ढीग, भिंत, वॉर्डाबाहेरची म्हातारी, वैनगंगेवरचा रुमाल. म्हातारीच्या ठिकाणी ती हसेल असं मला वाटलं होतं. मी ते जरा रंगवूनही सांगितलं. ती हसली नाही.

"मग साडी मोजली त्याच दिवशी बोलली काऊन नाई?" मी विचारलं.

"तुमी डाग किती बरोबर जागी टाकला होता, बाबा," एवढंच ती म्हणाली. आणि मग झबल्याची घडी घालत, "मले फोन केला असता तर मी आली असती. आपण दोघं गेलो असतो मार्कंड्याले."

बाहेर गाडी लागली होती. तिने झबलं पर्समध्ये ठेवलं. साडी उचलली, घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमी ठेवा." रागाने म्हणाली का प्रेमाने, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिला विचारलंही नाही. आमचे फोन होतात, ती जेवणाचं विचारते, औषधाचं विचारते. साडीचं ना ती काढते, ना मी.

बस स्टँडकडे जाणं झालं की मी भिंतीसमोर चहा घेतो. चहावाली आता काही विचारत नाही, फक्त मान हलवून नाही म्हणते. त्या बाईचं लेकरू बरं झालं असावं, असं मी मानून चालतो.

स्टायलिस्टने लावून दिलेलं कपाट अजून तसंच आहे. मोरपंखी, मातकट, करडा, फिका हिरवा. सगळ्यात शेवटी हँगरवर ती पांढरी साडी. ती बायकोने कधी पाहिली नाही आणि मुलीला नको होती. मी तिला कशात गुंडाळलेली नाही. उघडीच असते, कपाट उघडलं की आधी तीच नजरेत भरते. द्यायच्या ढिगात ती जात नाही आणि ठेवायच्या ढिगात ती कोणासाठी ठेवू, ते अजून सुचलेलं नाही.