लाल ठिपक्याचा कप

"मॅडम, तुमचा कप वेगळा ठेवलाय. गैरसमज नको."

कपाच्या कानाला लाल नेलपेंटचा ठिपका. स्टाफरूमच्या बंद खिडकीत एकटाच ठेवलेला. आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, सगळ्यांसमोर हसत हसत बोलले. नाशकातला नावाजलेला कोचिंग क्लास. मी तिथे अकाउंट्स शिकवते. टीबीचे उपचार पूर्ण करून कामावर परतले, तो पहिला दिवस. आता हिच्यापासून धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. सरांनी कागद उघडलासुद्धा नाही.

"तुमच्या वस्तीत हे चालतंच हो. इथे चांगल्या घरची मुलं येतात."

वा रे चांगली घरं! गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. तेव्हा टीबीचं निमित्तही लागत नव्हतं.

टीबी निघाला तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "दिवसभर कुठे कुठे असता?" मी सांगितलं. घर दोन खोल्यांचं, पण दार सताड उघडं. सिटी बसच्या काचा फुटक्या, वारा तोंडावर. मग क्लास. दिवेलागणीपर्यंत तिथेच. पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली, एसी चालू, खिडक्या स्क्रू मारून बंद. बाहेरून टॉपर मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स.

"टीबी हवेतून पसरतो," त्या म्हणाल्या. "कपबशीतून नाही."

सरांना एवढं शिकून हवा कळत नाही. वस्ती बरोबर कळते.

त्याच हॉलमध्ये निफाडहून रोज एसटीने येणारी एक पोरगी. कित्येक आठवडे खोकतेय म्हणाली, कपडे अंगावर लोंबायला लागलेत. मी सरांना म्हटलं, तिला तपासणीला पाठवा.

"परीक्षा तोंडावर आलीय मॅडम. क्लासचं नाव खराब करू नका."

लाज कशी वाटत नाही यांना? माझा धुतलेला कप बाजूला, आणि खोकणारी पोर भरल्या हॉलमध्ये कोंडलेली.

घरी आई म्हणाली, "जाऊ दे बाई. नोकरी हाय ना? कपाकडं कशाला बघती?" मला आईचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर आणि कटर टाकून गेले. तास सुरू झाला, पोरगी खोकून खोकून वाकली. मी खडू ठेवला. सगळे स्क्रू काढले, खिडकी ओढली, बाहेरचा फ्लेक्स कटरने फाडला. टॉपरांचे दात मधोमध चिरले. वारा आत आला.

सर धावत आले. "काय हा तमाशा! एसी चालू आहे!"

मी तो कप आणून त्यांच्या हातात दिला. "हा तुम्हीच वापरा."

पोरीला विचारलं, "येतेस माझ्याबरोबर दवाखान्यात?" तिने दप्तर उचललं.

"उद्या येऊ नका," सर ओरडले.

येणार. वर्गात नाही घेतलं, तर गेटवर उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगेन, तुमची पोरं कुठे कोंडलीत ते. खिडकीचे स्क्रू माझ्या पर्समध्ये आहेत. ते परत मिळणार नाहीत.