लाकडी बैलाचा डावा कान

वस्तूभोवती फिरत तिचे फोटो काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. असे शेकडो फोटो कॉम्प्युटरला दिले की तो ते जोडून वस्तू पुन्हा उभी करतो, आणि व्हीआरचा चष्मा लावला की ती डोळ्यांसमोर दिसते. "वस्तू गेली तरी जात नाही," असं मी अमरावतीत लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता ते वाक्य आठवलं की माझाच मला राग येतो.

माझा भाचा डेंग्यूनं गेला. मागे त्याचा लाकडी बैल राहिला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, तो बैल ओढत त्यांच्या तेल्हाऱ्यात दारोदार फिरायचा, आणि एरवी त्याचा डावा कान चावत बसायचा. त्या कानावर त्याच्या दुधाच्या दातांच्या खुणा होत्या.

यंदा बैलाला वाळवी लागली. ताईचा फोन आला. "पुरा भुगा व्हायच्या आत त्याले तुह्या कॉम्प्युटरात घे. मले थो कान पायजे, बाकी काही नाई."

"जसा आहे तसाच आण," मी म्हणालो.

भाऊजींनी बैल टॉवेलात गुंडाळून आणला. ताईनं माझ्या टेबलावर टॉवेल सोडला आणि हात मागे घेतला. बैल नवाकोरा झाला होता. पांढरं अंग, हिरवी शिंगं, वर तेलरंगाची चकाकी. दर पोळ्याला भाऊजी आणि भाचा मिळून तो रंगवायचे. रंग उडालेला बैल बाहेर न्यायचा कसा, आणि त्यात फोटो निघणार, म्हणून यंदा भाऊजींनी गोठ्यात बसून एकट्यानंच रंगवला होता. वाळवीची भोकं लांबीची पुट्टी भरून बुजवली होती, घासून सारखी केली होती. कानसुद्धा.

मला ओरडावंसं वाटलं. पण भाऊजी इतक्या समाधानानं बैलाकडे बघत होते की मी नुसतं कानावर नख टेकवून पाहिलं. रंग खरवडायचा तर पोखरलेलं लाकूड लांबीसकट निघून आलं असतं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तरी मी फोटो काढले. चकाकी आमच्या कामाची वैरी, म्हणून बैलाला पावडर फासली. सगळं नीट जुळून आलं. एरवी मी खूश झालो असतो.

ताईनं चष्मा लावला. हात पुढे करून ती हवेत कान चाचपू लागली. एकाच जागी तिचा अंगठा फिरत राहिला.

"कसा दिसते व?" भाऊजींनी विचारलं. "शिंगं हिरवेच ठेवले म्या. त्याले हिरवेच लागे."

"चांगला दिसते," ताई म्हणाली.

चष्मा मात्र तिनं बराच वेळ काढला नाही.