सामोसिरचा लाकडी मुलगा

माझा नवरा गेला तेव्हा त्याचे दिवस अमेरिकेतल्या तीन राज्यांत मिळून झाले. भात शिजवून पिंड वळले ते मी, ॲन आर्बरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर. मंत्र सांगणारे गुरुजी न्यू जर्सीत, एडिसनला. आणि आम्हाला मूल नसल्यामुळे विधी करायला बसला तो पुतण्या, अल्फारेटाला, घरातल्या ऑफिसच्या खोलीत, टी-शर्टवर उपरणं घेऊन. सगळे व्हिडिओ कॉलवर. गुरुजी म्हणत, "पिंडावर पाणी सोडा." पुतण्या जॉर्जियात तांब्या कलता करी आणि मिशिगनमधला पिंड कोरडा राही. मग गुरुजी हळूच मला सांगत, "काकू, तुमच्याकडचं ताट जरा कॅमेऱ्यापुढे घ्या." माझं काम तेवढंच होतं.

मला ते सगळं स्वतः करायचं होतं. तेव्हा बोलले नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मात्र गुरुजींना फोन करून विचारलं. सज्जन गृहस्थ. "हल्ली बायका करतात, काकू. शास्त्रात बघावं लागेल, पण करतात," ते म्हणाले. "मात्र तुमचा पुतण्या आहे ना?" पुतण्याला विचारलं तर तोही म्हणाला, "मी आहे ना यार, काकू. तुम्ही कशाला टेन्शन घेता?" दोघांनीही इतक्या मायेने मला मोडीत काढल्यावर पुढे काही बोलणं उद्धटपणाचं झालं असतं.

त्यानंतर मी थोडे दिवस सुमात्राला गेले. टोबा सरोवर, त्यातलं सामोसिर बेट आणि तिथली बाताक लोकांची जुनी गावं निवृत्तीनंतर बघायची, असं नवऱ्याने ठरवून ठेवलं होतं. तो निवृत्त झाला आणि लगेच गेला. ओळखीच्यांना वाटलं, मी मन रमवायला निघाले आहे. खरं म्हणजे कुणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी मला जायचं होतं. त्या दृष्टीने मी पृथ्वीवरची सर्वांत चुकीची जागा निवडली.

बाताक माणूस अनोळखी माणसाला आधी कूळ विचारतो. ते कळल्याशिवाय समोरच्याला आत्या म्हणायचं की वहिनी, हे त्याला ठरवता येत नाही. मी उतरले होते त्या घरची मालकीण माझ्याच वयाची होती. पर्यटकांकडून शिकलेलं इंग्रजी ती न अडखळता बोलायची. चहाचा कप हातात देण्याआधीच तिने कूळ, गाव आणि नवऱ्याची नोकरी विचारून घेतली. मग म्हणाली, "मुलं किती?"

"नाहीत."

"असं नाही म्हणायचं. अजून नाहीत, म्हणायचं."

"माझे केस बघा."

"केसांचा काय संबंध? बोलायची रीत असते."

त्यामुळे त्या बेटावर होते तोवर मला अजून मूल नव्हतं.

"आणि नवरा? कुठे ठेवलाय?"

अस्थी पाण्यात सोडल्या, असं मी सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "पाण्यात? मग पुन्हा बाहेर कसा काढणार?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यांच्याकडे पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी बाहेर काढतात, धुतात आणि नातेवाईक जमवून, वाजतगाजत, कायमच्या थडग्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती मला गाव दाखवायला घेऊन गेली तेव्हा ती थडगी पाहिली. खाली सिमेंटचा चौथरा, वर फरशा लावलेलं छोटं नक्षीदार घर, नावेसारखं टोकदार छप्पर. जिवंत माणसांच्या घरांवर बहुतेक गंजके पत्रे होते. जुन्या लाकडी घरांची दारं इतकी ठेंगणी की आत जाताना वाकावंच लागतं. "पाहुण्याने घराला मान द्यावा म्हणून," ती म्हणाली. मी दर दाराशी मान दिला. दोनदा कपाळ आपटलं.

शेवटी एका अंगणात तिने मला बाकावर बसवलं. समोर माणसाएवढा लाकडी बाहुला उभा होता, डोक्याला फडकं, खांद्यावर त्यांचं विणलेलं वस्त्र. लाउडस्पीकरवर ढोल सुरू झाले आणि बाहुला हात हलवत, मान वळवत नाचू लागला. त्याच्या मागे एक माणूस सिगारेट ओढत दोऱ्या खेचत होता. पर्यटक फोन उंच धरून उभे होते.

"हा कोण?" मी विचारलं.

"मुलगा," ती म्हणाली. "माणूस मूल नसताना मेला तर त्याच्यापुढे नाचणार कोण? म्हणून असा बाहुला करायचे. पूर्वी. आता तुमच्यासाठी नाचवतात."

तुमच्यासाठी म्हणजे पर्यटकांसाठी, हे मला समजलं होतं.

"रडायला कोण मग?"

"तोच. जुन्या बाहुल्यांच्या डोक्यात ओलं शेवाळ भरायचे. डोळ्यांतून पाणी यायचं."

"मग बायको काय करायची?"

तिने जरा विचार केला. "स्वयंपाक. केवढे लोक जेवायला असायचे." मग म्हणाली, "तुमच्याकडे कोण नाचलं?"

"पुतण्या. कॉम्प्युटरवर."

"आणि दोऱ्या?"

"न्यू जर्सीच्या एका गुरुजींनी."

तिने मान डोलावली. तिच्या लेखी सगळं रीतसर झालं होतं. मी मात्र ढोल थांबेपर्यंत त्या सिगारेटवाल्या माणसाकडे बघत बसले.

संध्याकाळी पुतण्याचा मेसेज आला. काकांची तिथी बुधवारी येते आहे, त्या दिवशी ऑफिसात आमचं सॉफ्टवेअर रिलीज आहे, तर शनिवारी शिफ्ट करू या का? गुरुजी ओके म्हणालेत. यात काही गैर नव्हतं. आमचं मंडळ गणपतीसुद्धा शनिवारी बसवतं. मी बराच वेळ उत्तर लिहीत होते, पुसत होते. शेवटी लिहिलं, 'तू काम कर. बुधवारी मीच करते.' त्याने लगेच फोन केला.

"काकू, तुम्ही चिडलात का?"

"नाही रे."

"मग मी सुट्टी टाकतो ना."

"नको. मला करायचंय."

"अहो, पण तुम्हाला जमेल का?"

"मागच्या वेळी भात कुणी केला होता?"

तो म्हणाला, "ओके काकू. मी नुसता जॉइन होऊ?"

"हो," मी म्हणाले. "आणि म्यूटवर राहा."

बुधवारी ॲन आर्बरला बर्फ पडत होतं. मी टेबलाशी बसले. तीळ, पाणी, भात, सगळं माझ्या हाताशी होतं. स्क्रीनवर गुरुजी आले, पुतण्या उपरण्याशिवाय आला. गुरुजींनी चष्मा लावला आणि विचारलं, "हं, कर्ता कोण?"

"मी," मी म्हणाले.

ते काही बोलेनात, हलेनात. कनेक्शन गेलं असावं, असं मला वाटलं. पण त्यांच्या मागच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. काही वेळाने त्यांनी पोथीत बघत विचारलं, "काकू, तुमचं माहेरचं गोत्र नको, सासरचं सांगा."

मी सांगितलं, आणि पाण्याचा तांब्या उचलला.