सगळं नीट लावल्यावर

भोकरच्या एका शाळेत मी पालकांपुढे बोलत होतो. विषय, मुलांची बुद्धी कशी फुलवावी. खांद्यावर शाल, टेबलावर नारळ आणि खिशात तिसऱ्यांदा थरथरणारा फोन. तो मी न बघताच बंद केला, कारण नेमकं तेव्हाच मी सांगत होतो की लेकरानं हाक मारली की हातातलं काम बाजूला ठेवा. टाळ्या झाल्या. आभारप्रदर्शनही शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन चालू केला, तर अहमदपूरहून माझ्या मेहुण्याचा, दिलीपचा निरोप... सुधा ऑफिसात पोचताच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत गेली. माझी धाकटी बहीण. मागं दिलीप आणि साडेचार वर्षांची लेक ओवी.

सुधा सरकारी कचेरीत लिपिक होती. मूल कसं वाढवावं यावर मी तिला चार जाडजूड पुस्तकं दिली होती. ओट्यापाशी ओवीला उंच बसवायला ती फार उपयोगी पडली. मी नांदेडला प्राध्यापक, म्हणून भाचीच्या बुद्धीची जबाबदारी माझीच, असं मी परस्पर ठरवून टाकलेलं. मी तिच्याकडून देशांच्या राजधान्या पाठ करून घेतल्या. तीन वर्षांची पोर पाहुण्यांपुढे त्या धडाधडा म्हणे आणि कौतुक मी स्वीकारत असे. एकदा पाहुणे गेल्यावर सुधा म्हणाली, "दादा, राजधानी म्हंजे काय, ते इचार की तिला." मी विचारलं. ओवीनं जरा विचार केला. "मामा आला की म्हणायचं असतं ते."

सुधाची रीत निराळी. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर मुद्दाम एक चूक करून ठेवायची. चहाच्या डब्याला हळदीच्या डब्याचं झाकण, किंवा वाट्यांच्या चळतीत मोठी वाटी सगळ्यात वर. बालवाडीतून आल्यावर ओवीनं ती हुडकायची. दिलीपचं झेरॉक्सचं दुकान घराला लागूनच, पण त्यानं मदत करायची नाही. संध्याकाळी ओवी आईला चूक दाखवायची, तरी शाबासकी लगेच मिळत नसे. सुधा पदर खोचत एवढंच विचारायची, "कशावरून?" मग पोरीला कारण द्यावं लागे. मोठी वाटी वर ठेवली की चळत डुलते, असलं काहीतरी. एकदा ओवी म्हणाली, आज काहीच चुकलेलं नाही. कशावरून? तर तिनं एकेक डबा, एकेक वाटी बोट लावून दाखवली. त्या दिवशी सुधा घाईत खरोखरच विसरली होती. त्या संध्याकाळी सुधा इतकी खुशीत होती, की जणू पोरगी बोर्डात आली. मला म्हणाली, "तू लई सांगत राहतोस, दादा. लेकराला सांगायचं न्हाई, हुडकू द्यायचं. आपलं तोंड गप ठेवायलाच लई ताकद लागती." हे वाक्य मी पुढे भाषणांतून वापरलं. माझं म्हणून.

ती गेली त्या दिवशी ओवीला बालवाडीतून परस्पर शेजारच्या काकूंकडे नेलं. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. मला रडू येत नव्हतं, हाताला काम हवं होतं... मी स्वयंपाकघरात शिरलो. फळी पुसली, ज्याचं झाकण त्याला लावलं, वाट्या रचल्या, आणि सगळ्या डब्यांवर सुवाच्य अक्षरात लेबलं चिकटवली. मीठ, साखर, चहा, हळद. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, सरांनी कसं बघा सगळं नीट लावलंय. त्याही दिवशी मला ते ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी ओवी घरी आली. आई गेल्याचं तिला सांगून झालं होतं. ती सरळ फळीसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "मामा, आईनं काय चुकवलं होतं?"

मला आठवेना. अजून आठवत नाही. सुधानं त्या सकाळी ठेवलेली चूक माझ्या या हातांखालून गेली, आणि मी ती पाहिलीसुद्धा नाही. मी फक्त नीट केलं.

तेव्हापासून ओवीनं कुणालाच काही विचारलेलं नव्हतं. दिवसभर प्रश्न विचारून बापाला हैराण करणारी पोर... दर रविवारी मी जातो. एकदा मीच झाकणं बदलून ठेवली. तिनं मुकाट्यानं जागच्या जागी लावली आणि म्हणाली, "हे तुझंय." गेल्या रविवारी मला तिची शांतता सोसवली नाही. मी खोटं बोललो. म्हणालो, "आठवलं बाळा. चहाच्या डब्याला हळदीचं झाकण होतं."

तिनं डबा हातात घेतला. झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा लावलं. मग इतक्या आठवड्यांनी मान वर करून तिनं मला विचारलं,

"कशावरून?"

मी गप्प राहिलो. ताकद लागली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिनं डबा परत फळीवर ठेवला, माझ्या अक्षरातलं लेबल पुढं येईल असा, अगदी नीट.