साधी गाठ

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार. ई-मेल ग्रुपवरच्या मित्रांनो, आज डोंगरीला दादाकडे गेलो होतो. त्याची लॅब आहे. माझ्या बायकोची, सुमनची गाठ त्यानेच तपासली आणि साधी आहे म्हणाला. जूनमध्ये सुमन वारली, तेव्हा कावीळ म्हणाला.

डॉक्टरकी शिकणारी पुतणी मायक्रोस्कोप दाखवत होती. मी म्हटलं, "काकूच्या गाठीची काच लाव."

"काका, चांगल्या पेशी ओळीत असतात. इथे कॅन्सरने ओळच मोडलीय, बघा ना."

मी दादाकडे पाहिलं.

"सुमननेच शपथ घातली होती रे. तू खचला असतास."

शेवटच्या आठवड्यातही मी ऑफिसला जात होतो. दोघांनी जाऊ दिलं. तुम्ही माफ केलं असतं?

इंद्रलोक वसाहतीतल्या घरी येऊन दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या.